पंच्याऐंशीची लेन्स आणि मंगळवारचं पीठ

डोंगरकड्याच्या पोरींची नाकं एकेकाळी तालुक्यात गाजली होती. खरी नव्हे, फोटोतली. गावात स्टुडिओ एकच, संतरामचा, नऊ फूट लांब आणि सात फूट रुंद. संतराम कॅमेरा धरायचा तो गिऱ्हाइकाच्या तोंडापासून दोन हातांवर. कॅमेऱ्यासोबत आलेली साधी लेन्स, तीही एवढ्या जवळून. मग नाक पुढं येतं आणि कान मागं पळतात. एकदा पुसेगावचे पाहुणे पोरगी बघायला आले, पोहे खाल्ले, पोरीला नीट न्याहाळलं आणि हळूच विचारलं म्हणे, "फोटोतली थोरली बहीण घरी न्हाई का आज?" हे ज्याला खोटं वाटेल त्यानं स्टुडिओमागच्या गिरणीत जाऊन मुंजाजीला विचारावं. तो याहून दोन पाहुणे जास्तीच सांगेल.

संतरामसमोर हे बोलायची सोय नव्हती. त्याचा जोडीदार देविदास, शाळेतल्या एका बाकावरून उठून दोघं सरळ स्टुडिओत आलेले. बावीस वर्षं संतरामनं फोटो काढायचा आणि देविदासनं दिव्याची पांढरी छत्री धरायची. छत्रीची एक पाकळी दिव्यानं जळाली तेव्हा संतरामच्या बायकोनं, शकुंतलाबाईनं, तिथं आपल्या पोलक्याचं हिरवं अस्तर शिवून दिलं होतं. तर या देविदासनं एकदाच, चहा पिता पिता, नाकाचा विषय काढला. संतराम अकरा दिवस त्याच्याशी बोलला नाही. बाराव्या दिवशी बोलला तो "छत्री डावीकडं घे" एवढंच.

नव्या कॅमेऱ्याचा विषय निघाला की देविदासच उलट त्याला थोपवायचा. म्हणायचा, "पन्नास मिलिमीटरची लेन्स आपल्याला लई झाली गड्या. पंच्याऐंशीची घेतलीस तर तुला भिंत फोडून मुंजाजीच्या गिरणीत उभं राहावं लागंल." दोघंही हसायचे. संतराम दर मंगळवारी छपाईसाठी नांदेडला जायचा आणि संध्याकाळी परतायचा, तेव्हा देविदासच्या खांद्यावर पीठ असायचं. दळण आणलं, म्हणायचा.

संतरामची लेक प्रियदर्शनी. तिला फोटोवरूनच दोन ठिकाणांहून नकार आले. तिसऱ्यांदा, दिवाळीनंतर, सेनगावकडच्या चांगल्या घरानं फोटो बघूनच होकार कळवला. संतराम हॉटेलात बसून महिनाभर एकच सांगत होता, की पोरीचं माझ्या फोटोनं जमलं. ऐकणारे आपापल्या कपात बघायचे. त्याला वाटायचं, जळतात.

त्यानं ठरवलं, लग्नाआधी लेकीचा एक असा फोटो काढायचा की जन्मभर स्टुडिओच्या काचेत राहील. त्यासाठी कॅमेरा-लेन्स अशी आणायची की तालुक्यात नसेल. एका बुधवारी तो हिंगोलीला निघाला. देविदासला चल म्हणाला, तर नेमकं त्याचं पोट दुखायला लागलं.

हिंगोलीच्या दुकानदारानं काउंटरवर तीन कॅमेरे मांडले. संतरामनं एकेक हातात घेऊन वजन पाहिलं, चाकं फिरवली, डोळा लावला. आता कॅमेरा आपणच माणसाचा डोळा शोधून धरतो, हे ऐकून तो खूश झाला. लेन्सवर मात्र गाडी अडली. दुकानदार समजावत होता, की पन्नासची लहान खोलीत चालते, पण निव्वळ चेहऱ्यासाठी पंच्याऐंशीच. दहाबारा फूट मागं सरायचं, मग नाक नाकाच्या जागी बसतं. संतरामला हा उगाच आपल्यालाच टोमणा वाटला.

दुकानदारानं आतून एक वापरातली पंच्याऐंशीची आणली आणि फुंकर मारून फडक्यानं पुसली.

"एक गिऱ्हाईक दर सोमवारी संध्याकाळी कॅमेऱ्यासकट भाड्यानं नेतंय. आज सकाळीच परत आली. काय करतात कोण जाणे, दरवेळी पीठ लागलेलं असतं. पण छपाईही इथंच करतात, काम बघा त्यांचं."

त्यानं मोठ्या पडद्यावर एक फोटो उघडला आणि धार दाखवायची म्हणून सरळ डोळाच पडदाभर केला. पापण्या मोजून घ्याव्यात अशा. बुबुळात चमकत होती एक पांढरी छत्री. छत्रीची एक पाकळी हिरवी. छत्रीच्या बाजूला एक उघडं दार, दारात धुरकट उजेड आणि कॅमेऱ्यामागं उभा एक माणूस.

संतराम पडद्याजवळ वाकला. दुकानदारानं फोटो लहान केला. डोळ्याला भुवई मिळाली, भुवईला कपाळ, आणि समोर प्रियदर्शनी बसलेली दिसली. नाक नाकाच्या जागी. आणि हसत होती. वर्षावर्षाला संतरामनं तिचा फोटो काढला होता; त्याच्यासमोर ती एकदाही अशी हसली नव्हती.

"नाव सांगू का त्याहिचं? तुमच्याच बाजूचे हायेत."

"नका सांगू," संतराम म्हणाला. "या कॅमेऱ्यावर पंच्याऐंशीचीच द्या. नवी डबी फोडू नका. हीच द्या, पीठवाली."

एसटीत त्यानं पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. डोक्यात एकच घोळत होतं: माझीच छत्री, माझीच लेक, आणि मी नांदेडला.

स्टुडिओत आल्या आल्या त्यानं गिरणीकडच्या मागच्या दारापुढचं कपाट ढकललं. ते दार वीस वर्षांत उघडलं नव्हतं, निदान त्याच्या हिशोबानं. कपाट लोण्यातल्या सुरीसारखं सरकलं. कपाटाच्या पायांखाली गोणपाट होतं. कडीला तेल होतं. पलीकडं मुंजाजी दळत होता. त्यानं संतरामला बघितलं आणि गिरणी बंद केली.

देविदास मागं येऊन उभा राहिला. पोटदुखी पळाली होती.

"किती पोरी झाल्या?" संतरामनं विचारलं.

"एकोणीस." देविदास म्हणाला, "ज्यांचं जमत नव्हतं त्यांचेच काढले. फोटोमागं शिक्का तुझाच मारला, संतराम. माझं नाव कुठंच न्हाई."

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"अकरा दिवस आठवून बघ."

घरी शकुंतलाबाईनं भाकरी थापता थापता सगळं कबूल केलं. मीच देविदासभाऊला म्हणले, दोन नकार आले, तिसरा येऊ द्यायचा का. तुमाला बोलायची सोय होती का. संतरामनं एवढंच विचारलं, की गावात कोणाकोणाला ठाऊक आहे. तिनं नुसती भाकरी उलटली. म्हणजे सगळ्यांना.

दुसऱ्या दिवशी त्यानं लेकीला बोलावून स्टुलावर बसवलं. देविदासनं न सांगता छत्री उभी केली. संतराम मागच्या दारातून गिरणीत जाऊन बारा फुटांवर उभा राहिला. कॅमेऱ्यानं डोळा पकडला. नाक बरोबर बसलं. पण पोरगी लाकडासारखी ताठ. हस म्हटलं की ओठ ओढायची, जसे ती इतकी वर्षं ओढत आली होती.

संतरामनं कॅमेरा खाली घेतला. मुंजाजी पोत्यावर बसून जमिनीकडं बघत होता.

"देविदास," संतराम म्हणाला, "छत्री राहू दे तिथंच. इकडं येऊन माझ्यामागं उभा राहा."

देविदास आला. त्याच्यामागं उभा राहिला. प्रियदर्शनीची नजर बापाच्या खांद्यावरून मागं गेली आणि ती हसली. संतरामनं बटण दाबलं.

फोटो फार चांगला आला. आजही स्टुडिओच्या काचेत आहे. जाणारा-येणारा थांबून बघतो आणि हा संतरामचा हात, म्हणतो. त्या दिवशी संतरामनं तो मोठा करून डोळ्यापर्यंत नेऊन पाहिला होता. बुबुळात हिरव्या पाकळीची छत्री होती, दार होतं आणि दारात दोन माणसं होती.

छापून आल्यावर त्यानं तो पालथा धरला, शिक्का शाईत बुडवला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला. मग खांद्यावरचं पीठ झटकलं आणि शिक्का तसाच डबीत ठेवून दिला.