कारण : घरगुती

बेल्टवरून सरकत आलेलं गोळ्यांचं पाकीट थोरलीने उचललं. त्यातलं एक घर रिकामं होतं, म्हणून तिने ते मागच्या ट्रेमध्ये टाकलं. तेवढ्या अवधीतही तिची नजर खिडकीकडे जाऊन आलीच. खिडकीपाशी तिची धाकटी जाऊ खोक्यांवर लेबलं चिकटवत होती. खुर्चीत बसून! औषधं पाकिटबंद करायच्या या कारखान्यात थोरली वीस वर्षं उभी होती. बूड टेकायला मिळायचं ते जेवणाच्या सुट्टीत.

धाकटीला इथे चिकटवलं होतं तेही थोरलीनेच. दोन महिन्यांपूर्वी धाकटीचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. ती कामावर परतली, पण बेल्टसमोर उभी राहिली की तिचे हात थरथरायचे, दरदरून घाम फुटायचा. एकदा सबंध ट्रे तिच्या हातून निसटला. मग नव्या मॅनेजरबाईंनी तिला खिडकीतलं काम दिलं. दर बुधवारी दुपारी तासभर मन मोकळं करायला एक समुपदेशक बाईही येऊ लागल्या. तेवढा वेळ धाकटीची लेबलंही थोरलीच्याच गळ्यात.

घरीही तोच प्रकार. सासूबाई धाकटीला हाक मारताना आवाज खाली आणत. जन्मात स्वतःचं ताट न उचललेला दीर बायकोच्या चपला दारापाशी नीट लावून ठेवू लागला. तळहाताच्या फोडासारखं जपत होते तिला सगळे. आणि मला मात्र... पुढचं वाक्य थोरली मनातसुद्धा पुरं करत नसे.

"तुझं बरं आहे," नवरा एकदा म्हणाला, "तू मुळातच खंबीर."

थोरलीने हातातलं पातेलं जरा जोरातच आदळलं.

त्या बुधवारी धाकटी तासाभराने बाहेर आली. डोळे सुजले होते, पण चेहरा धुतल्यासारखा हलका. शेजारच्या बाईने काहीतरी विचारलं आणि धाकटी चक्क हसली. त्या हसण्याने थोरलीच्या जिवाची आग आग झाली. हातमोजे उपसून ती तडक मॅनेजरबाईंच्या खोलीत शिरली.

"बाई, हे लाड किती दिवस चालायचे?"

"कोणाचे?"

"माझ्या जावेचे. जगात दुःख काय तिला एकटीलाच आहे? हसतेय चांगली. आणा तिला बेल्टवर."

मॅनेजरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"बसा."

"मला उभं राहायची सवय आहे."

"बेल्टवर परत घ्या, असं तीच मागच्या आठवड्यात सांगत होती. माझ्यामुळे ताईंवर भार पडतो, म्हणाली. मीच थांबवलं. पण भाराचं तिचं खरं आहे. ते आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं. पुढच्या बुधवारपासून लेबलांना दुसरी बाई देते."

हवं ते मिळालं होतं, तरी थोरलीला तसं वाटेना. ती जायला वळली.

"आणखी एक म्हणाली ती," बाईंचा आवाज सावध झाला. "ताई कधी आल्या तर त्यांनाही विचारा, त्यांचं जुनं दुःख सासूबाईंकडून कळलंय, म्हणाली. म्हणून मी जुनं रजिस्टर काढलं."

त्यांनी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. सतरा वर्षांपूर्वीचं पान. थोरलीचं नाव. पुढे कोणीतरी घाईघाईने खरडलं होतं : बाळंतपणाची रजा रद्द. विसाव्या दिवशी हजर. कारण : घरगुती.

थोरलीने ते दोनदा वाचलं.

"घरगुती कसलं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "मुलगा होता. अकरा दिवसांचा. नावही ठेवलं नव्हतं अजून."

बाईंनी उठून दार लोटून घेतलं आणि त्या तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. तेव्हा कुठे थोरलीला कळलं, की आपणही बसलो आहोत.

"तेव्हा कोणी काही विचारलं नाही?"

थोरलीने मान हलवली. "विसाव्या दिवशी ट्रे दिला हातात. मीही घेतला."

"विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी रजिस्टर मिटलं.

पाळी सुटली तेव्हा धाकटी फाटकापाशी थांबली होती. दोघी कोपऱ्यापर्यंत आल्या.

"ताई, माझी तक्रार करायला गेला होतात ना?"

"हो."

"मग?"

"मग काय! बुधवारी त्या बाईंकडे मलाही वेळ दिली आहे." थोरलीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुझ्या आधीची मागून घेतली. थोरली मी आहे."