कुंपणापलीकडचं नेट

रादिसावच्या घरात इंटरनेट नव्हतं, कारण ते शेजारच्या झिवादिनकडे होतं. झिवादिनकडे आलेली कुठलीही वस्तू रादिसावच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. हिरवा पत्रा आला नाही, कॉफीचं यंत्र आलं नाही, नेटही आलं नाही. अकरा वर्षांपूर्वी रादिसाव मुतखड्यासाठी वाल्येवो शहराच्या इस्पितळात पडला होता. कुंपणालगतचा, त्याच्या वडिलांनी लावलेला अक्रोड त्याच आठवड्यात झिवादिनने तोडला. सावली पडते म्हणाला. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं; बातम्या मात्र रोजच्या रोज पोचत होत्या.

रादिसावचा एकुलता एक मुलगा रेल्या स्वीडनला असायचा. संत निकोला हा त्यांच्या कुळाचा संत. त्याच्या दिवसासाठी रेल्या दर डिसेंबरात गावी यायचा, दोन किलो वाढवून परत जायचा. या वेळी तो लॅपटॉप घेऊन आला आणि बूट काढायच्या आधीच नेटचं विचारू लागला. ऑफिसचं थोडं काम आहे, असं त्याने आईला, स्तामेन्काला सांगितलं. ऑफिस ऑक्टोबरातच सुटलं होतं. जानेवारीअखेर दुसरी नोकरी मिळाली नाही, तर तिथे राहायचा परवानाही जाणार होता. सत्तावीस अर्जांनंतर एक मुलाखत हाती आली होती. कंपनी कोपनहेगनची, जागा तिच्या स्वीडनमधल्या शाखेत, वेळ एकोणीस डिसेंबर, दुपारी तीन. म्हणजे नेमका निकोलाचा दिवस. कोपनहेगनला निकोलाशी काही देणंघेणं नव्हतं, आणि तारीख बदलून मागायची रेल्याची छाती झाली नाही.

फोनला सिग्नल वर टेकडीवरच्या दफनभूमीत यायचा, तोही एक काडी. त्यात आवाज यायचा, चेहरा यायचा नाही. तिथल्या रहिवाशांना तेवढा पुरत असावा. वाल्येवोला जाऊन यायचं तर बर्फातून चार तास. कुळाच्या दिवशी पोटचा मुलगा चार तास घरातून नाहीसा व्हायला मरणापेक्षा कमी कारण चाललं नसतं.

आदल्या संध्याकाळी, बाप मासे आणायला गेलेला बघून, रेल्या कुंपण ओलांडून झिवादिनच्या दारात गेला.

झिवादिनने त्याला शेगडीजवळ बसवलं, कॉफी पाजली, आणि नेट कशाला हवं ते विचारलं. खोटं बोलायला रेल्याला सुचलं नाही. ऑक्टोबर, परवाना, तीन वाजता, सगळं त्याने सांगून टाकलं. घरी माहीत नाही, हेही सांगितलं. झिवादिन आस्थेने ऐकत होता. गेल्या अकरा वर्षांत इतकं चांगलं त्याच्या कानावर आलं नव्हतं.

त्याने पासवर्ड कागदावर लिहून दिला. "तुमच्या आलुबुखार वाळवायच्या खोलीपर्यंत सिग्नल पोचतो. मोजून ठेवलंय मी."

"काका, तुमचे उपकार कसे..."

"उपकार कसले रे. उद्या निकोला ना तुमच्याकडे? तुझ्या आईच्या हातचा मासा खाऊन फार दिवस झाले."

कुळाच्या दिवसाचं आमंत्रण कुणाला द्यायचं नसतं, आणि आलेल्याला परत पाठवायचं नसतं. झिवादिन अकरा वर्षं आला नव्हता, त्यामुळे हा नियम पाळणं रादिसावला सोपं गेलं होतं. रेल्याला सगळं समजलं. कागद परत करता आला असता. त्याने घडी घालून तो खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी धर्मगुरू सकाळीच येऊन सणाची पोळी कापून गेला. मेणबत्ती पेटली. रादिसाव काळं जाकीट घालून राकियाची, घरच्या फळांच्या दारूची, बाटली घेऊन उभा राहिला. यजमानाने त्या दिवशी बसायचं नसतं; तो चाळीस वर्षं बसला नव्हता. रेल्याने वाळवणाच्या खोलीत लॅपटॉप लावला, हीटर लावला, जोडणी तपासली. सगळं काचेसारखं स्वच्छ दिसत होतं.

एक वाजता झिवादिन आला. चौदा पाहुण्यांचे चमचे थांबले. त्याने स्तामेन्काच्या हातात एक पिशवी ठेवली. "अक्रोड आहेत, वहिनी. बाजारातले. आमच्या भागात आता होत नाहीत."

रादिसावने त्याचा ग्लास भरला आणि ये म्हणाला. उपासाचा दिवस, मटण वर्ज्य, म्हणून कार्प मासा होता. डोक्याकडचा मोठा तुकडा त्याने स्वतःच्या हाताने झिवादिनला वाढला. झिवादिनने तीनदा घेतलं. मीठ थोडं कमी पडलंय म्हणाला, पण चालेल म्हणाला. स्तामेन्का मीठ घेऊन आली.

पावणेतीनला रेल्या भिंतीच्या कडेकडेने दाराकडे सरकू लागला.

"जा रे, जा," झिवादिन टेबलाच्या त्या टोकावरून म्हणाला. "नेट सकाळी तपासलंय मी. दोन महिने घरी बसलेल्या माणसाने मुलाखतीला उशीर करू नये."

एका मावशीने पाव मोडला. रादिसावने मुलाकडे पाहिलं, मग कुंपणाच्या दिशेला असलेल्या खिडकीकडे पाहिलं. मुलगा कुठे गेला होता, काय सांगून आला, आणि गावात हे सर्वांत आधी कुणाला कळलं, तिन्ही गोष्टी त्याने एकामागून एक नीट लावल्या. मग झिवादिनचा ग्लास पुन्हा भरला आणि चमच्याने बाटलीवर टकटक केली.

"गुडघे गेले माझे," तो म्हणाला. "निकोला आजपासून रेल्याचा."

उरलेली अर्धी पोळी, म्हणजे घराचं यजमानपण, त्याने मुलाच्या हातात ठेवली. सगळे उठले, छातीवर क्रूसाची खूण केली. स्तामेन्का रडायला लागली, आनंदाने असावं असं सगळ्यांनी ठरवलं. चौदा पाहुणे रांगेने येऊन नव्या यजमानाचे गाल तीन-तीनदा चुंबू लागले. रेल्या मनात हिशेब करत होता. तीन वाजायला सहा मिनिटं होती आणि अजून पाच जण बाकी होते.

"बाबा, फक्त वीस मिनिटं," तो कुजबुजला. "मी आल्यावर करा ना हे."

"झालंय ते." रादिसाव खुर्ची ओढून बसला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही झिवादिनच्या शेजारी. "यजमान, शेजाऱ्याचा ग्लास रिकामा आहे."

झिवादिनलाही हे जरा अती वाटलं असावं. "अरे रादिसाव, जाऊ दे पोराला. त्याचं पोट आहे ते."

"मी कोण अडवणार? यजमान तो. पाहुण्यांना टाकून जायचं असेल तर त्याने खुशाल जावं."

चौदा जण यजमानाकडे बघत होते. दार चार पावलांवर होतं. रेल्याने बाटली उचलली आणि झिवादिनचा ग्लास भरला. मग बापाचा. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले. मावशीने आणखी मासा मागितला.

साडेपाचला, लाकडं आणण्याच्या निमित्ताने, तो वाळवणाच्या खोलीत गेला. हीटर सुरूच होता. कोपनहेगनचा निरोप पडदाभर उघडला होता: आम्ही वीस मिनिटं वाट पाहिली, आपला विचार बदलला असावा असं समजतो, नाताळच्या शुभेच्छा. रेल्या खोक्यावर बसून उत्तर लिहू लागला. संत निकोला लिहून खोडला. अक्रोड लिहून खोडला. आतून बापाचं हसणं ऐकू येत होतं, आणि त्याला जोडून झिवादिनचं. दोघं कुठल्यातरी जुन्या गाईबद्दल बोलत होते.

शेवटी त्याने घरगुती अडचणीमुळे येऊ शकलो नाही असं लिहिलं. नोकरीच्या अकरा वर्षांत त्याने हे कारण पन्नास वेळा दिलं असेल. खरं पहिल्यांदाच दिलं. त्याने बटण दाबलं. मेल लगेच गेली. झिवादिनच्या नेटबद्दल तक्रार करायला काही जागाच नव्हती.