घसा दाटलेली शेकोटी

आभाळ दिसलं नाही, हे मला सगळ्यात आधी खटकलं.

मी शेकोटी बोलतेय. देगलूरच्या नव्या बंगल्यातली, बैठकीच्या भिंतीत बसवलेली. माझ्या पोटातून वर पाहिलं की विटांचा लांब घसा आणि त्याच्या टोकाला चांदकीएवढं, लहान भाकरीएवढं, आभाळ दिसायचं. माझं जग तेवढंच. कधी त्यातून घार जायची, कधी ढगाचा एखादा पुंजका. वास्तुशांतीच्या आदल्या दुपारी मी वर पाहिलं तर तिथं काळं होतं. रात्रीचं काळं नव्हे, रात्री एखादी तरी चांदणी असते. हे गोल होतं, जवळ होतं. कुणीतरी माझ्या तोंडाला तोंड लावून, श्वास धरून बसलंय असं मला वाटलं.

मी मुळातच भित्री. स्वयंपाकघरात ताटली पडली तरी माझ्या घशातली लोखंडी झडप थरथरते. म्हणून स्वतःलाच समजावलं, ढग असेल. पण ढग सरकतो. हे सरकलं नाही.

थोडं मागचं सांगते.

या घराचे मालक शेषेराव. त्यांचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. ते एकदा मनालीला गेले, हॉटेलात भिंतीतली शेकोटी पाहिली आणि वितीनं मोजून आले. घराचा नकाशा झाला तेव्हा आधी मला जागा दिली, मग देवघराला. त्यावरून त्यांचं आणि गुणाबाईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, जे बोलणं झालं ते गुणाबाई आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात, म्हणून मला पाठ आहे.

"आवो, उन्हाळ्यात हितं पाखरं तडफडून पडतात, आन् तुमाला घरात इस्तू पायजे?"

"शोभंला गं. आख्ख्या तालुक्यात कुणाकडं न्हाई."

"न्हाई, कारण कुणाला येड लागलेलं न्हाई."

मला बांधलं मडिवाळप्पा गवंड्यानं. त्यानं आयुष्यात शेकोटी बांधली नव्हती, पण बिलोलीला एका बेकरीची भट्टी बांधली होती. भट्टीच्या विटा हैदराबादहून आल्या, वरचा काळा ग्रॅनाईटही तिकडूनच. मडिवाळप्पा खांद्यापर्यंत हात घालून माझ्या घशाचा गिलावा आतून घोटायचा. घोटताना बोलत राहायचा.

"भट्टी काय आन् बंगला काय, मालक, धुराला वाट पायजे. हिचा घसा मोकळा तर घर मोकळं."

माझ्यावर मायेनं फिरलेला तो पहिला हात. धुराड्याच्या टोकावर तो चार पायांची छत्री करणार होता, पाऊस आत येऊ नये आणि धूर चारी बाजूंनी निघून जावा म्हणून. तेवढ्यात त्याच्या आईचं दुखणं निघालं. तो बिदरकडं गावी गेला, आठ दिवसांत येतो म्हणाला. छत्री राहिली.

वास्तुशांतीला घर माणसांनी भरलं होतं. शेषेरावांनी नवा सदरा घालून, सगळ्यांना समोर बसवून माझ्यात बाभळीची लाकडं पेटवली. धूर वर गेला, काळ्या गोलाला धडकला आणि माघारी फिरला. मी गिळायचा प्रयत्न केला, जमलं नाही. बैठकीत एकच खोकला उठला.

"शेषेराव," एक पाव्हणा डोळे पुसत म्हणाला, "लेक नांदायला जाताना रडलो न्हाई येवढं तुमी आज रडवलं."

शेषेरावांनी तिथूनच मडिवाळप्पाला फोन लावला. तो म्हणाला, लाकूड ओलं असंल, मालक, घसा मी मोकळा ठिवलाय. त्याचं खरं होतं. त्यानं ठेवला होता. त्या दिवसापासून माझ्यात लाकूड घालायचं नाही असं ठरलं, आणि माझ्यापुढं प्लास्टिकच्या फुलांची कुंडी आली.

मग तो आवाज सुरू झाला. थंडी पडली, उत्तरेचा वारा सुटला की संध्याकाळी माझ्या घशात काहीतरी घुमायचं. लांब, खोल, एका सुरात. तुम्हाला वाटेल माझाच आवाज. पण मी तर भीतीनं गप्प असायचे. माझ्या आत माझा नसलेला आवाज, आणि तो वरून खाली, माझ्या पोटापर्यंत यायचा.

याच दिवसांत शेषेरावांची लेक पुनम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पहिल्याच संध्याकाळी ती भिंतीला कान लावून उभी राहिली.

"माय, हे काय घुमून राहिलं?"

"काई न्हाई. नजरेचं मडकं हाय वर. चुन्यानं डोळे काढून ठिवलंय. वाऱ्यानं घुमत असंल." गुणाबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "रस्त्यानं जानारं प्रत्येक मानूस मान वर करून ह्या धुराड्याकडं बघायचं. काहीजन तर फोटू काढायचे. म्हनलं, येवढ्या नजरा बऱ्या न्हाईत. गवंड्याच्या मानसाला सांगितलं, समद्यात उंच जागी ठिव."

सगळ्यात उंच जागा म्हणजे माझं तोंड. त्या माणसानं सांगितलं तसं केलं, मडकं पालथं घातलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेला सिमेंट लावलं. गुणाबाईंचे गुडघे दुखतात, त्या कधी गच्चीवर गेल्या नाहीत. शेषेरावांनी रस्त्यावरून रोज ते पाहिलं असणार. पण असं मडकं देगलूरात प्रत्येक नव्या घरावर असतं. नजर लागू नये म्हणून जे ठेवतात, त्याच्याकडं कुणाचीच नजर थांबत नाही.

मडकं आहे हे कळल्यावर माझी भीती जायला हवी होती. उलट वाढली. वर कुणी बसलेलं असतं तर कधीतरी उठून गेलं असतं.

पुनमला मुलगी झाली. आज बाळ तेरा दिवसांचं आहे. पौषातली थंडी, त्यात ओली बाळंतीण. वारं लागू नये म्हणून कान बांधायचे, दारं-खिडक्या लावायच्या, शेक द्यायचा, ही इथली रीत. चार दिवसांपूर्वी गुणाबाईंनी फुलांची कुंडी उचलून बाजूला ठेवली आणि बाज माझ्यापुढं आणली.

"आता हिचा उपेग झाला," त्या शेषेरावांना म्हणाल्या. "तुमची शोभा माज्या लेकीच्या कामाला आली."

"मग? येड लागलं व्हतं का मला?"

"लाकूड न्हाई घालायचं पर. कोळसे घालते. धूर न्हाई, काई न्हाई."

खिडकीच्या फटीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या, दाराखाली वाकळेची गुंडाळी. रोज सकाळी फुललेले कोळसे माझ्यात येतात. मला आधी फार बरं वाटलं. कुणीतरी माझ्याकडं पाय करून निजलंय, बाळाचे लंगोट माझ्या उबेला वाळताहेत. मी त्यांना ऊब देतेय असं समजत होते.

कोळशाला धूर नसतो हे खरं. पण जे असतं त्याला रंग नाही, वास नाही. ते माझ्यातून निघतं, वर जातं, मडक्याच्या पोटात फिरतं आणि परत खाली येतं. मी ते कुठं ठेवू? मी ते खोलीत सोडते.

परवा भिंतीवरची पाल सुटून खाली पडली आणि हललीच नाही. काल पुनम म्हणाली, "माय, डोकं लई दुखून राहिलं. कुनीतरी छातीवर बसल्यावानी वाटतंय." गुणाबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून माझ्यात टाकल्या. ठसका आला. "ठसका आला, म्हंजे दिष्ट न्हाई," त्या म्हणाल्या, "थंडीच बाधली तुला." आणि आणखी एक घमेलं कोळसे घातले. थोड्याच वेळात मालिशवाली लक्ष्मम्मा आली, दार उघडलं, वारं शिरलं आणि सगळ्यांना हुशारी आली. दार उघडल्यानं बरं वाटलं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात राहिली ती तिची मालिश.

लक्ष्मम्मा बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येते. तेलंगणातली आहे, मराठीत तेलुगू कालवून बोलते. रोज नऊ वाजता येते. आज नऊ वाजून गेलेत.

आज शेषेराव दुकानात गेलेत. आज घमेली दोन आहेत. पुनम बाजेवर निजलीय, तोंड किंचित उघडं. तिचे गाल लाल दिसतात. कुणी पाहिलं तर म्हणेल काय तेज आलंय बाळंतिणीला. गुणाबाई पाळण्याच्या दोरीवर हात ठेवून बसल्या होत्या. आता तशाच भिंतीला कलंडल्यात, दोरी हातातच आहे. पाळणा थांबलाय. बाळ मघापर्यंत कुरकुरत होतं. आता कुरकुरत नाही.

मला हे बघवत नाही, आणि तोंड फिरवता येत नाही. कुणी मला विझवलं तर बरं. तुम्ही हे वाचताय, तुमच्या घरात असेल नसेल माझ्यासारखी कुणी, पण एवढं ऐका. विस्तवाला घरात घेतलं तर त्याच्या जाण्याची वाट आधी बघा. तो पाहुणा आहे. त्याला कोंडू नका.

मी हाक मारून बघितली. लोखंडी झडप खडखडवली. गुणाबाईंनी डोळे न उघडता "मांजर असंल" असं काहीतरी पुटपुटलं, तेही अर्धंच. घशातली काजळी कोळशांवर पाडली. एक कोळसा चुरचुरला, बस. वरून मडकं माझा आवाज माझ्याच अंगावर फेकतंय.

दार वाजलं.

"पुनम बिड्डा," बाहेरून लक्ष्मम्मा. "तलुपु तीयम्मा. दार काड गं. पानी तापलं का?"

कुणी हललं नाही. ती पुन्हा दार वाजवते. बांगड्या वाजतात. थांबते.

"निजल्या जनू समद्या. निजू दे बाई, रातभर जागत्यात." स्वतःशीच बोलतेय ती. "दुपारून येते."

चपला फिरल्याचा आवाज. एक पायरी. दुसरी.

तापून तापून माझ्या कपाळावरचा ग्रॅनाईट केव्हाचा ताणला गेलाय. एका टोकाला केसाएवढी चीर आहे, तिला मी चार दिवस आवळून धरलंय, शेषेरावांचा जीव त्या दगडात आहे म्हणून. माझ्याजवळ ओरडायला दुसरं काही उरलेलं नाही. मी ती चीर सोडून दिली.

बंदुकीचा बार व्हावा तसा दगड या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकला. अर्धा खाली फरशीवर आला.

पायऱ्यांवरच्या चपला थांबल्या. मग त्या माघारी, भराभर वर आल्या, दाराऐवजी खिडकीकडं वळल्या, आणि चिंध्यांच्या पलीकडून, काचेला अगदी तोंड लावून, ती म्हणाली,

"ओ. कोन बलावलं? आले, आले."