गनीभाईंच्या नाकावरचा आरोपी

मी एक जुना चष्मा आहे, मित्रांनो. तारेची चौकट, जाड काचा आणि डाव्या दांडीला गुंडाळलेला काळा शिवणदोरा. श्रीरामपूरच्या एका दुकानात माझ्या काचा बसवल्या आणि त्याच दिवशी मी काष्टीच्या गनीभाई टेलरांच्या नाकावर चढलो. त्याला आता बारा वर्षे झाली.

गनीभाई चाळीस वर्षे आठवडे बाजारात उघड्यावर मशीन मांडून बसतात. फाटक्या सदऱ्याला असे ठिगळ लावतात की मालकालाही ते शोधावे लागते. त्या कौतुकातला थोडा वाटा मी मनातल्या मनात घेत असे.

मागच्या वर्षी त्यांच्या नाकाच्या उजव्या बाजूला, नेमकी मी टेकतो तिथे, मोत्यासारखी चकाकणारी बारीक पुटकुळी आली. ती फुटायची, रक्त यायचे, खपली धरायची आणि पुन्हा फुटायची.

"हा चष्माच घासतोय," असे म्हणत गनीभाईंनी मला मखमलीची इवलीशी गादी शिवली.

शेजारी बियाणे विकणारा छगन हसला. "गनीभाई, नाकाला पन अस्तर लावलं व्हय?"

मखमल मऊ होती, तरी जखम काही भरेना. आठ महिने मी अपराध्यासारखा बसून होतो. शेवटी त्यांनी मला टाकून नवा चष्मा घ्यायचे ठरवले, तेव्हा त्यांची मुलगी आलिया म्हणाली, "अब्बा, चष्मा नंतर बदला. आधी नाक दाखवा."

"दाखवलं की कापतील. बिननाकाचा टेलर कुनी पाह्यलाय का?"

आलियाने ऐकले नाही. नगरच्या डॉक्टर आरतींनी पुटकुळी भिंगातून पाहिली, जागा बधिर केली आणि कणभर तुकडा तपासायला पाठवला. आठवड्याने निकाल आला. तो त्वचेचा कर्करोग होता. गनीभाईंनी मला काढून हातात घेतले होते. ते माझ्या काचा सदऱ्याला पुसत राहिले.

"चाचा, हा हळू वाढणारा प्रकार आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सहसा दुसरीकडे पसरत नाही. पण तसाच ठेवला तर नाक पोखरेल. आत्ता काढला तर नाक वाचेल."

"किती कापनार?"

"गाठ आणि तिच्या चारी बाजूंची थोडी चांगली कातडी."

"आन् भोक?"

"शेजारची कातडी सरकवून बुजवीन."

"म्हंजे त्याच कापडाच्या थानातलं ठिगळ!" गनीभाई त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "मग उभा-आडवा धागा बघून लावा, डॉक्टरबाई. न्हाईतर चुनी पडती."

"तेच बघून लावतो आम्ही," डॉक्टरही हसल्या.

शस्त्रक्रियेच्या वेळी मी बाहेर आलियाच्या मुठीत घामाने भिजत होतो. तासाभराने गनीभाई नाकावर पट्टी लावून चालतच आले. "सुई टोचली तेवढंच दुखलं. मग नुसतं ओढल्यावानी. बाई टाका लई बारीक घालती."

दोन दिवस डोळ्यांखाली सूज होती आणि ती जागा निळी पडली होती. "कुनाशी भांडन केलंत?" छगनने विचारलेच. आठवड्याने टाके निघाले. काढलेल्या तुकड्याच्या कडा तपासणीत स्वच्छ निघाल्या. मागे काही उरले नव्हते. महिनाभर मात्र मला नाकावर टेकायची बंदी होती. गनीभाईंनी टोपीला इलास्टिक शिवून मला त्यावर टांगले. मी डोळ्यांपुढे झोके घेत होतो आणि सगळा बाजार हसत होता.

महिना सरल्यावर गनीभाईंनी डॉक्टरांना विचारले, "आता हा चष्मा टाकून देऊ ना? त्यानंच केलं सगळं."

मी त्यांच्या नाकाला घट्ट बिलगलो.

"चष्मा बिचारा निर्दोष आहे, चाचा. हे चाळीस वर्षांच्या उन्हाचं काम. टाकायचं तर डोक्यावर छप्पर टाका."

आता मशीनवर ताडपत्री आहे, टोपीला रुंद काठ आहे, आणि ठरल्या तारखेला डॉक्टर गनीभाईंचा सगळा चेहरा तपासतात. नाकावर फक्त एक बारीक रेघ उरली आहे. आरशात बघून गनीभाई म्हणतात, "शिलाई सरळ हाय."

मित्रांनो, मी त्या पुटकुळीच्या सर्वांत जवळ होतो, तरी ती खरी काय आहे ते मला दिसले नाही. चष्म्याला स्वतःखालचे दिसत नाही. म्हणून घरातल्या मोठ्यांचे चेहरे अधूनमधून नीट बघा. महिना होऊनही न भरणारी जखम दिसली, तर आलियासारखा हट्ट धरा. आणि मग त्यांचा चष्मा पुसून पुन्हा त्यांच्या नाकावर ठेवा.