एकतीस जून

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. मित्रांनो, मला तीन चाकं आहेत: दिवस, महिना, वर्ष. राहुरीच्या एका कारखान्यात पेढ्यांच्या डब्यांवर 'या तारखेपर्यंत वापरा' या ओळीपुढे मी उमटायचो. चांगुणाबाई मला रोज पुसायची, टाचणीनं चाकं फिरवायची. मला वाटायचं, मी खरं बोलतो.

| १४ एप्रिल १९९६ |

त्या दिवशी मालक आप्पासाहेबांनी जयंतीचे म्हणून कामगारांना डबे वाटले. शिर्डीहून न खपता परत आलेले. जुनी तारीख स्पिरिटनं पुसून मालक असे कोरे डबे चांगुणाबाईपुढे ठेवत. तिला ठाऊक नव्हतं. मलाही. तिची नात प्रज्ञा ते पेढे खाऊन चार दिवस सलाईनवर होती.

चांगुणाबाई जाब विचारायला गेली. आप्पासाहेब हसले. "शिक्का कुनी मारला? तूच ना? जा, सांग सरकारला. आधी तुलाच नेतील."

तिनं मला टेबलावर ठेवलं. पुन्हा शिवली नाही. मालकांनी तिला ट्रे घासायला बसवलं. तिनं नगरच्या अन्न-औषध कार्यालयाला एक पोस्टकार्ड टाकलं.

| ३१ मे १९९६ |

त्याच दिवशी मुदत संपणारे डबे परत आले. माझी चाकंही अजून त्याच तारखेवर होती. आप्पासाहेबांनी स्वतः मला उचललं आणि महिन्याचं चाक एक घर पुढं ढकललं. दिवसाच्या चाकाला बोटही लावलं नाही.

मोरीवरून चांगुणाबाईनं पाहिलं. ओल्या मुठीच्या हाडांवर तिनं महिने मोजले. मे उंचवट्यावर, जून खळग्यात. मग मान खाली घालून ती ट्रे घासू लागली.

| ३१ जून १९९६ |
| ३१ जून १९९६ |
| ३१ जून १९९

तीनशे वेळा. इतका ठळक मी जन्मात उमटलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी अन्न निरीक्षक आले. त्यांनी विचारलं, ही तारीख कुठल्या कॅलेंडरात आहे?

"ही बाई मारती शिक्के. अडानी हाय, साहेब."

निरीक्षकांनी दोघांना हात पुढे करायला सांगितलं. तिचे सोड्यानं पांढरे पडलेले, सुरकुतलेले. मालकांचा अंगठा शाईनं नखापर्यंत जांभळा.

"अडानी हाय मी, मालक," चांगुणाबाई म्हणाली. "पन जून मोजता येतो मला."

आता मी कोर्टाच्या मुद्देमालात, लाखेची मोहर लावलेल्या कापडात पडून आहे. रबर तडकलंय. मला स्वतःची दया येत नाही.

मित्रांनो, बाकीच्या वस्तू तुम्हांला सांगतात, आम्हांला पुसा, जपा. मला पुसू नका. निकाल लागेपर्यंत माझी चाकं आहेत तिथंच राहू द्या.