दोन किल्ल्यांचा डबा

नरहर गद्रे यांनी बायकोच्या गोळ्यांसाठी लोखंडी डबा आणला आणि त्याला दोन कुलपं घातली. एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी प्रतिमाताईंकडे. ज्या संशोधन संस्थेतून ते निवृत्त झाले, तिथे मॉर्फीनच्या कपाटाच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असत, म्हणून अलीगंजच्या घरातही तसंच. घरात माणसं मुळात दोनच, त्यातलं एक अंथरुणाला खिळलेलं. पण नियमात आजाऱ्याला सूट नव्हती. त्यामुळे हाडांत कॅन्सर उतरलेल्या प्रतिमाताई दर चार तासांनी उशीखालून किल्ली काढून नवऱ्याच्या हातात देत, आणि मग नवरा त्यांना गोळी देई.

घरच्यांना सगळं नीट समजावून सांगा, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. एवढं निमित्त नरहररावांना पुरेसं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी पलंगाशेजारी खुर्ची ओढली आणि तास घेतला. तोंडाने घेतलेल्या मॉर्फीनचा मोठा वाटा यकृतच खाऊन टाकतं. उरतं त्याचा असर चार तास, म्हणून दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. शरीराला सवय होणं वेगळं आणि व्यसन लागणं वेगळं. ठरावीक अशी कमाल मात्रा नाही. डॉक्टर हळूहळू वाढवत नेतात, दुखणं आटोक्यात येईल ती मात्रा बरोबर. प्रतिमाताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोट साफ होईल ना?" त्यासाठी वेगळं औषध होतं. तेही समजावून झालं.

मग वही आली. आधीची शिल्लक, दिलेल्या गोळ्या, उरलेल्या गोळ्या, सही. शेवटच्या रकान्यात दुखण्याचा आकडा, शून्य ते दहा. आकडा पाच किंवा वर गेला तर मात्रा वाढवा, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, आणि किती वाढवायची तेही. नरहररावांनी तो कागद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. उभ्या आयुष्यात त्यांनी केलेली ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती त्यांच्या गावीही नव्हती.

"किती?" सकाळी सहाला ते पेन उघडून विचारत.

"चार."

दहाला चार, दुपारी दोनला चार, सहाला चार, झोपताना दोन गोळ्या एकदम घ्यायच्या तेव्हाही चार. चौदा दिवसांत सत्तर नोंदी आणि सत्तर वेळा चार. नरहरराव खूश होते. इतका शिस्तीचा पेशंट दुसरा नसेल, असं ते फोनवर दोघा-तिघांना सांगूनही मोकळे झाले.

पंधराव्या दिवशी ते दोघं तेलीबागकडच्या इस्पितळात गेले. डॉ. चेतना वयाने त्यांच्या मुलीसारख्या. त्यांनी वही पुढून मागे आणि मागून पुढे चाळली.

"सर, एक सौ बीस गोलियाँ दी थीं. छत्तीस बची हैं?"

"जी. मिला लीजिए, एक भी कम नहीं."

"मिलाना नहीं है, सर. ज़्यादा इसीलिए दी थीं कि बढ़ानी पड़ेंगी." त्यांनी वही मिटली. "और ये रजिस्टर रखना हमारा काम है. मरीज़ को घर पर कुछ नहीं रखना होता. कोई पूछने नहीं आएगा."

व्हीलचेअरमध्ये डोळे मिटून बसलेल्या प्रतिमाताईंनी डोळे उघडले. "कोणी येणार नाही?" त्यांनी नवऱ्याला मराठीत विचारलं.

"कोण येणार?"

"ते चौकशीवाले. संस्थेत तुमच्या हातून मॉर्फीनचं एक इंजेक्शन फुटलं होतं तेव्हा आले होते ते. तीन महिने तुम्ही धड जेवला नाहीत. रजिस्टर हातात घेऊन बसायचात." त्या दमल्या, थोडं थांबल्या. "पाच म्हटलं की तुम्ही गोळ्या वाढवणार. त्या लवकर संपणार. मग कुठे गेल्या म्हणून विचारायला येतील. या वयात तुम्हाला ते झेपणार नाही. म्हणून चार."

"खरं किती होतं?"

"सकाळी सात असायचं. संध्याकाळचं मी मोजत नव्हते."

डॉ. चेतनांना मराठी येत नव्हतं, पण सात कळलं. त्यांनी नवी मात्रा लिहिली.

नरहररावांनी तीस वर्षं वेदनाशामकांच्या चाचणीसाठी उंदीर गरम पत्र्यावर ठेवून तो किती सेकंदांत पाय चाटतो ते मोजलं होतं. उंदीर कधी खोटं बोलला नाही, कारण उंदराला नवऱ्याची काळजी नसते. परतीच्या रिक्षात त्यांना स्वतःची इतकी लाज वाटत होती की अलीगंज येईपर्यंत त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही.

दुपारी दोनला ते नव्या मात्रेच्या गोळ्या आणि पाणी घेऊन आले; गोळ्या त्यांनी डब्यात ठेवल्याच नव्हत्या. प्रतिमाताईंनी गोळ्या घेतल्या आणि सवयीने नवऱ्याच्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता.

"वही?"

"नाही आणली."

मग त्यांचा चेहरा आक्रसला आणि त्या कण्हल्या, आधी हळू, मग शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. चौदा दिवसांत त्या घरात हा आवाज झाला नव्हता. "फार दुखतंय हो," त्या म्हणाल्या. "फार दुखतंय."

नरहरराव पलंगाच्या कडेवर बसले आणि त्यांनी बायकोचा हात हातात घेतला.

"गोळी लागू पडायला पाऊण तास लागेल," ते म्हणाले. "तोवर कण्ह. मी बसलोय."