अर्धी उरलेली टाकी

फकिरा भोयाच्या मिशीबद्दल दिग्रसमध्ये जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे. कोणतं निम्मं, ते अजून कोणाला ठरवता आलेलं नाही. मिशीच्या एका टोकावर लिंबू ठेवून तो अख्खा बाजार फिरला, हे मानायला हरकत नाही. दुसऱ्या टोकावर खंड्या येऊन बसला आणि मासा दिसेपर्यंत उठला नाही, हे त्याचा बाप श्रावण सांगायचा. आणि श्रावण म्हातारा म्हणजे धरणात रेड्याएवढा मरळ मासा धरून त्याच्याच पाठीवर बसून घरी आलेला माणूस. तेव्हा खंड्याचं सोडून देऊ.

मिशी मात्र खरी होती, आणि तिच्यापायी जे झालं तेही.

फकिरा अरुणावती धरणावर मासे धरायचा. एका दमात तळाशी जाऊन दगडात अडकलेलं जाळं सोडवून आणणारा गडी. म्हणून बुडालेल्यांना शोधायचं पथक निघालं तेव्हा पहिलं नाव त्याचं घेतलं, दुसरं तांड्यावरच्या पूनमसिंगचं. लोक म्हणाले, हा नुसत्या छातीवर एवढा वेळ राहतो, तर पाठीवर हवेची टाकी बांधल्यावर दिवाळीपर्यंत वर यायचा नाही.

झालं उलटंच. रबरी सूट आला तो कुठल्या तरी काडीपैलवानाच्या मापाचा. फकिराला त्यात भरायचं म्हणजे जिनिंगमध्ये कापसाची गाठ दाबायचं काम. छाती फुगायला जागा नाही, कमरेच्या पट्ट्यात शिशाचे तुकडे जास्त, त्यामुळे पाय खाली लोंबायचे आणि बांधलेल्या वासरासारखे झाडावे लागायचे. या सगळ्यावर कडी मास्कची. डोळ्यानाकावर बसणारा तो काचेचा मास्क मिशीवर टेकायचा आणि केसांच्या फटीतून पाणी आत यायचं. नाकाने जोरात फुंकलं की पाणी निघून जायचं. आणखी दोन हात पुढे गेलं की पुन्हा यायचं. दर फुंकरीला हवा वाया. नाकात पाणी गेलं की जीव घाबरा, श्वास आखूड. टाकीचा काटा लालवर आला की फकिरा पिळलेल्या फडक्यासारखा वर यायचा. पूनमसिंग मात्र, ज्याच्या ओठावर मोजून मापून चार केस, तो त्याच्यानंतर कितीतरी वेळाने हवा राखून यायचा आणि चहा मागायचा.

शिकवायला आलेल्या माणसाने सांगितलं, व्हॅसलिन लाव नाहीतर मिशी काढ. फकिराने व्हॅसलिनची अख्खी डबी चोपडून पाहिली. पाणी यायचं ते आलंच, वर मिशीला शेवाळ चिकटलं.

पोळ्याला बैल धुताना एक माणूस बुडाला. फकिरा रिकामी टाकी घेऊन रिकाम्या हाताने वर आला. पूनमसिंग गेला आणि माणूस घेऊन आला. काठावरून कोणीतरी म्हणालं, "मिशीवाल्यानं टाकी पिऊन टाकली बे." पथकाच्या साहेबांनी त्याच दिवशी बजावलं, पुढच्या वेळी मिशी तरी घरी ठेव नाहीतर तू तरी घरी राहा.

आता मिशी काढायला न्हावी लागतो, पण आधी बापाचं मरण लागतं. बाप गेला की घाटावर न्हावी पोराचं डोकं आणि मिशी दोन्ही उतरवतो. तोवर मिशी म्हणजे बाप घरात असल्याची खूण. तरी फकिराने विषय काढला.

"बा, मिशी काढाव लागते."

श्रावण जाळं शिवत होता. "मी मेलो का?"

"तसं नाई. मास्कात पानी येते. पानी आलं का जीव घाबरते, अन् जीव घाबरला का हवा भसाभस सरते. मन थंडं असलं का तेच टाकी दुप्पट पुरते."

"म्हंजे तुहं मन थंडं नाई म्हनून माही मयत काढतं."

"तुहं नाव कोनं घेतलं? मी केसाची गोष्ट करून राह्यलो."

"केस माह्या नावाचे हायत," श्रावण म्हणाला. "मी मेल्यावर काढजो. तवर पी पानी."

आतून हंसाबाई, फकिराची माय, ओरडली, "मरनाचं बोलनं बंद करा, भाकर थंडी होते." दोघेही जेवायला उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रावणची नाव धरणाच्या मधोमध उपडी तरंगताना दिसली. काठावर त्याच्या जुन्या चपला, त्यावर घडी घातलेला दुपट्टा, आणि दुपट्ट्यावर बिड्यांचं बंडल. नाव उपडी होऊ शकते, चपला राहू शकतात. पण श्रावण बिड्या मागे सोडून गेला म्हणजे गेलाच, याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं.

फकिरा त्या बंडलाकडे पाहत उभा राहिला. म्हाताऱ्याने परवानगी दिली होती. द्यायची ती अशी दिली.

पूनमसिंग दोनदा खाली जाऊन आला. तिसऱ्यांदा जाणार तर कानात ठणका लागला, डोकं धरून तो काठावर बसला. उरला फकिरा. तो गर्दीतल्या बापूजी न्हाव्यापुढे जाऊन उकिडवा बसला.

"काढ."

"सापडू तं दे, लेका," बापूजी म्हणाला.

"सापडासाठीच काढून राह्यलो."

हंसाबाईने कपाळावरच्या कुंकवावर तळहात दाबून धरला. "मी कुकू पुसलं नाई, अन् तू मिशी काढतं?"

फकिराने तोंड वर केलं. बापूजीचा वस्तरा दोनदा फिरला. लिंबाची, खंड्याची, दिग्रसच्या बाजाराची ती मिशी चिखलात पडली आणि अगदीच थोडी दिसली.

मग त्याने जाळं कापायच्या सुरीने सुटाची काखेतली शिवण उसवली. सरकारी माल, पण बोलायला कोणी धजलं नाही. पट्ट्यातले शिशाचे दोन तुकडे काढून फेकले. मास्क लावला तो डब्याचं झाकण बसावं तसा बसला.

खाली पाणी गढूळ होतं, हातभर दिसत होतं. पण ते हातभर त्याला पहिल्यांदाच कोरड्या डोळ्यांनी दिसलं. त्याने श्वास घेतला, सोडला. बुडबुडे कानावरून वर गेले. दुसरा घ्यायची घाईच नव्हती. पाय आपोआप मागे तरंगत होते. बाभळीची बुडालेली खोडं त्याने चाचपली, धरणाखाली गेलेल्या जुन्या गावच्या विहिरीचा काठ हाताला लागला, त्याला धरून तो गोल फिरला. काम त्याने नीट केलं, त्यात चूक काढायला जागा नाही. पण विहिरीच्या काठाशी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. इथे बापाचा आवाज नव्हता. जाळं असं टाकतात का बे. वल्हं धर नीट. तुह्या वयात मी. लहानपणापासून पाण्यावर असताना कानावर येणारं ते काहीच नव्हतं. छाती भरत होती, रिकामी होत होती. आपण बाप शोधून राह्यलो, हे त्याला मधूनमधून आठवावं लागत होतं.

वेळ झाल्याचा हिसका वरून कमरेच्या दोरीला आला तेव्हा त्याला निघावंसं वाटलं नाही.

वर आल्यावर पूनमसिंगने सवयीने काटा पाहिला. "अबे, अर्धी उरली," तो खुशीत म्हणाला, आणि मग त्यालाच काही तरी वाटून टाकी उचलायला वाकला. फकिराने मान हलवली: नाही सापडला. हंसाबाई त्याच्या उघड्या ओठाकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पथक पुन्हा पाण्यात उतरायच्या तयारीत असताना पुसदकडून येणारी एसटी वरच्या रस्त्याला थांबली. हातात पिशवी आणि पायात फकिराच्या नव्या चपला घालून श्रावण उतरला. गर्दी पाहून थेट काठावर आला.

"कोन बुडलं बे?"

गर्दी बाजूला झाली. शेवटी हंसाबाई म्हणाली, "तुमी." आणि कपाळावरचं कुंकू चाचपून पाहिलं.

"मी लेकीकडं फुलसावंगीले गेलतो. नाव सुटली असन."

"अन् बिड्या?" पूनमसिंगने विचारलं.

"इसरलो."

रेड्याएवढा मरळ लोकांनी गिळला होता. हे मात्र कोणाच्या गळ्याखाली उतरलं नाही. म्हाताऱ्याला काय पाहायचं होतं ते त्याने कधी सांगितलं नाही. पण तो गर्दीतल्या एकेकाचे डोळे पाहत होता, किती सुजलेत ते. पाहता पाहता फकिरापाशी आला. ओठ दिसला. आधी तो हसला.

"काढलीच का?"

फकिराने मान खाली घातली. पूनमसिंग मनाचा भला. मित्राची बाजू सावरायला पुढे झाला, आणि सगळं त्यानेच बुडवलं.

"बाबा, त्याले काई म्हनू नका. माहा कान बसला, तं तोच गेला तुमाले शोधाले. अन् काय थंड्या डोक्यानं. टाकी अर्धी वापस आनली."

श्रावणचं हसू जागच्या जागी राहिलं. "अर्धी?"

"अर्धी."

"मले शोधतांनी."

मन थंड असलं की टाकी दुप्पट पुरते, ही विद्या तो जाळं शिवत असताना पोरानेच त्याला शिकवली होती. तो खाली बसला, फकिराच्या नव्या चपला पायातून काढल्या, त्याच्यापुढे जोडीने ठेवल्या. आपल्या जुन्या घातल्या आणि चालू लागला.

त्यानंतर स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर श्रावणने मरळाची गोष्ट सांगणं सोडलं. एकच गोष्ट सांगायचा, पदरचं काही न घालता: पोरगा मले शोधाले गेला अन् अर्धी हवा वाचवून आला. लोक हसायचे, म्हणायचे, म्हातारा आता फार फेकते.

घरी फकिराने एकदा सांगून पाहिलं. "बा, मास्कात पानी नव्हतं म्हनून उरली."

"व्हय," श्रावण लगेच म्हणाला. "मास्कच होता."

भांडला असता तर बरं झालं असतं. फकिरा मिशी पुन्हा वाढवायला लागला तेव्हा म्हातारा शांतपणे म्हणाला, "राहू दे. माह्या नावानं एकडाव काढली ना. दुसऱ्यांदा कोनाच्या नावानं काढशीन?"

फकिरा रोज दाढीबरोबर ओठही साफ करू लागला.

थंडीत जिनिंगवरचा एक मजूर धरणात बुडाला. आता फकिराच्या मापाचा सूट आला होता, शिसं मोजून लावलेलं, मास्क चिकटून बसलेला. तो खाली गेला. पहिला श्वास नीट आला. दुसऱ्याला त्याच्या मनात आलं, वर काटा पाहतील. उरली तरी विचारतील, सरली तरी विचारतील. तिसरा श्वास आखूड आला, मग सगळेच. बाभळीच्या खोडांपर्यंतही तो पोचला नाही.

वर येऊन तो काठावर आडवा झाला. काटा लालच्याही खाली. पूनमसिंगने त्याचा मास्क काढून उजेडात धरला.

"पानी आलतं?"

"नाई."

"मंग काहून?"

गर्दीतून श्रावण पुढे आला. "किती उरली?"

"काईच नाई, बाबा," पूनमसिंग म्हणाला.

श्रावणने बिडी काढली, पेटवली, एक झुरका घेतला. फकिराकडे पाहिलं नाही.

"मंग माह्याच वक्ताले उरलती म्हना," तो म्हणाला, आणि काठाकाठाने घराकडे निघाला.

पूनमसिंगने मास्क फकिराच्या मांडीवर ठेवला आणि दुसरी टाकी पाठीवर घेतली. फकिरा चिखलात बसून धापा टाकत होता. मांडीवरचा मास्क आतून कोरडा ठणठणीत होता.